मिस्टर बीनची नक्कल टाळून मूकनाट्य बसवायचंय : रोवन अ‍ॅटकिन्सनचं नेमकं काय अभ्यासावं?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. युवारंगमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवात, मूकनाट्यासाठी आमच्या कॉलेजचा सहा जणांचा संघ उतरतोय. मुलांच्या डोक्यात मिस्टर बीन पक्का बसलाय. परीक्षेच्या हॉलमधला बीनचा प्रवेश जसाच्या तसा उचलायचा, तपकिरी कोट आणि लाल टाय घालायचा, असं त्यांचं ठरत आलंय. मला हे पटत नाही, पण नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. त्याऐवजी काय, ते दाखवावं लागेल.

म्हणून विचारतो. रोवन अ‍ॅटकिन्सनच्या एवढ्या मोठ्या कामातलं मुलांना काय आणि कुठल्या क्रमाने दाखवावं? त्याच्या विनोदाची बांधणी नेमकी कशी असते? आणि मूकनाट्याआधी गॅदरिंगमध्ये एक विद्यार्थिनी त्याच्यावर पाच मिनिटं बोलणार आहे. तिने व्हॉट्सअ‍ॅपवरून माहिती गोळा केलीय, त्यातलं खरं किती आणि खोटं किती? तालमीला तीन आठवडे हातात आहेत.

पडद्यामागे (जळगाव)

दादा, आधी त्या माणसाचा प्रवास क्रमाने लावून घ्या. तो कळला की नक्कल का फसते तेही मुलांना आपोआप कळेल.

जन्म ६ जानेवारी १९५५, इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगण्यातलं कॉन्सेट. वडील शेतकरी. शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं. न्यूकॅसलला पदवी, नंतर १९७५ मध्ये एमएस्सीसाठी ऑक्सफर्डचं क्वीन्स कॉलेज. तिथे त्याला दोन माणसं भेटली, लेखक रिचर्ड कर्टिस आणि संगीतकार हॉवर्ड गुडॉल. पुढची कित्येक वर्षं हे तिघं एकत्र काम करत राहिले. मिस्टर बीनच्या सुरुवातीला चर्चमधल्यासारखं जे लॅटिन समूहगान लागतं ते याच गुडॉलचं. त्याच्या ओळीचा अर्थ साधारण ‘हा पहा तो माणूस, जो घेवडा आहे’ असा होतो. बीन म्हणजे घेवड्याची बी, त्यावरून. ऑक्सफर्डच्या मंडळींबरोबर त्याने १९७६ मध्ये एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात काम केलं आणि तिथे तो लोकांच्या नजरेत भरला.

मग १९७९ ते १९८२ बीबीसीवर ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’. छोटे छोटे प्रवेश, बातम्यांचं विडंबन, चार-पाच कलाकारांचा संच. त्यानंतर १९८३ मध्ये ‘ब्लॅकअ‍ॅडर’ ही ऐतिहासिक काळातली विनोदी मालिका. इथे मुलांना थांबवा, कारण शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे. पहिली मालिका अ‍ॅटकिन्सन आणि कर्टिसने मिळून लिहिली. किल्ल्यांवर, घोड्यांवर चित्रण झालं, खर्च भरमसाट आला, आणि विनोद मात्र त्या पसाऱ्यात हरवला. दुसरी मालिका आली ती १९८६ मध्ये. अ‍ॅटकिन्सनने लेखन सोडून दिलं, कर्टिसच्या जोडीला बेन एल्टन आला, बाहेरचं चित्रण जवळपास बंद केलं आणि सगळं स्टुडिओत प्रेक्षकांसमोर आणलं. त्याहून मोठा बदल पात्रांत होता. पहिल्या मालिकेत एडमंड, म्हणजे अ‍ॅटकिन्सनचं मुख्य पात्र, बावळट आणि त्याचा नोकर बाल्ड्रिक त्यातल्या त्यात शहाणा होता. दुसरीत ते उलटं केलं, एडमंड तल्लख आणि बाल्ड्रिक मठ्ठ. पैसा कमी झाला आणि मालिका कितीतरी वर गेली. आपल्याकडे स्पर्धेच्या आधी संघ नेपथ्याच्या मागे धावतात, त्यांनी ही दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पुढे १९८७ आणि १९८९ अशा आणखी दोन मालिका आल्या, प्रत्येकी सहा भागांच्या. शेवटची पहिल्या महायुद्धाच्या खंदकात घडते, आणि तिचा शेवट हसवत नाही.

‘मिस्टर बीन’चा पहिला भाग १ जानेवारी १९९० ला आयटीव्हीवर लागला. १९९५ पर्यंत सगळे मिळून फक्त पंधरा भाग झाले, हे मुलांना खोटं वाटेल. पंधरा भागांवर हा माणूस जगभर ओळखला जातो. नंतर १९९७ आणि २००७ चे दोन चित्रपट आणि २००२ पासूनची कार्टून मालिका. आपल्याकडच्या मुलांच्या डोळ्यांसमोर बहुतेक कार्टूनच असतं, म्हणून मुद्दाम सांगतो : अभ्यासासाठी कार्टून बाजूला ठेवा. कार्टूनमधल्या शरीराला वजन नसतं, मूकनाट्याचा जीव वजनात असतो.

बाकी कामं वेगाने सांगतो. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ (१९९४) मधला गडबडणारा पाद्री, ‘द लायन किंग’ (१९९४) मधल्या झाझू पक्ष्याचा आवाज, १९९५-९६ मध्ये ‘द थिन ब्लू लाइन’मधला पोलीस इन्स्पेक्टर, २००३, २०११ आणि २०१८ चे ‘जॉनी इंग्लिश’, २००९ मध्ये लंडनच्या ड्ररी लेन थिएटरात ‘ऑलिव्हर!’मधला फेगिन, २०१६-१७ मध्ये पूर्ण गंभीर असा पोलीस तपास अधिकारी मेग्रे, २०२२ मध्ये ‘मॅन व्हर्सेस बी’. एकाच चेहऱ्याची ही कामं आहेत, म्हणजे तो चेहरा त्याचं भांडवल नाही. त्याचं भांडवल वेगळं आहे, ते गिरणाथडी सांगतीलच.

गिरणाथडी (चाळीसगाव)

सांगतो. बांधणी समजून घ्यायला तीनच तुकडे लावा आणि प्रत्येक तुकडा दोनदा बघायला लावा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मागचं हसू बंद झालं की पॉज कुठे आहे ते दिसतं.

पहिला तुकडा चर्चचा, पहिल्याच भागातला. अडचण एकच, झोप येतेय आणि झोपायचं नाही. एवढ्यावर सगळं उभं आहे. शरीर हळूहळू खचत जातं, गुडघ्यावर येतं, कपाळ जमिनीला टेकतं. मग एक गोळी खिशातून काढायची आणि शेजाऱ्याला न कळता खायची. मग प्रार्थनागीत, ज्यातला त्याला ‘हालेलुया’ एवढाच शब्द येतो, म्हणून तो आला की हा जीव तोडून गातो आणि बाकी वेळ पुटपुटतो. शेजारी नट रिचर्ड ब्रायर्स बसलेत, त्यांच्याकडे नीट बघा. ते काहीही ‘करत’ नाहीत. प्रेक्षक हसतो तो बीनकडे बघून जेवढा, तेवढाच ब्रायर्सच्या अवघडलेपणाकडे बघून.

दुसरा तुकडा बागेतल्या बाकावरच्या सँडविचचा, डिसेंबर १९९० च्या भागातला. बाकावर शेजारी नट अँगस डेटन आपलं सँडविच खात बसलाय. बीन कोटाच्या आतून अख्खा पाव काढतो, कात्रीने कापतो, क्रेडिट कार्डाने लोणी लावतो, कोशिंबिरीचा पाला नळावर धुतो आणि मोज्यात घालून गरगर फिरवून वाळवतो, मिरे रुमालात घालून बुटाने ठेचतो, चहा गरम पाण्याच्या रबरी पिशवीतून काढतो. मुलांना विचारा, यात मूर्खपणा कुठे आहे? कुठेच नाही! पाव कापायला धार लागते, कात्रीला धार आहे. पाला वाळवायला तो जोरात फिरवावा लागतो, मोजा फिरतो. प्रत्येक पायरी तर्काने बरोबर आहे, फक्त वस्तू चुकीची आहे. याला मी अ‍ॅटकिन्सनचं सगळ्यात मोठं कसब मानतो. बीन वेडा नाही, तो आपल्यापेक्षा जास्त तर्कशुद्ध आहे. नक्कल करणारे नेमकं हेच विसरतात. ते डोळे वटारतात, ओठ वाकडे करतात आणि पात्राला वेडसर करून टाकतात. वेडसर माणसाने मोजा वापरला तर कोणालाच आश्चर्य वाटत नाही, म्हणून हसूही येत नाही.

तिसरा तुकडा जानेवारी १९९२ च्या भागातला, झोपेतून उशिरा उठून चालत्या मोटारीत कपडे बदलणं आणि दात घासणं. हा मुद्दाम ‘दोन कामं, दोन हात आणि एक स्टिअरिंग’ म्हणून बघायचा. कुठला अवयव कुठल्या क्षणी कशात गुंतलाय, ते कागदावर उतरवून काढायला सांगा. हा व्यायाम मूकनाट्यासाठी सोन्यासारखा आहे.

यानंतर १९९२ मध्येच बीबीसीवर झालेलं त्याचं दृश्य-विनोदावरचं व्याख्यान शोधा. त्यात तो सांगतो की वस्तू किंवा शरीर तीन प्रकारे विनोदी होतं : ते वेगळं वागलं तर, भलत्या जागी असलं तर, किंवा आकाराने चुकीचं असलं तर. आपल्याकडच्या वस्तू घ्या. भरिताचं वांगं पाळण्यात ठेवलं, भलती जागा झाली. वांगं एवढं मोठं की दोघांनी पालखीसारखं उचललं, आकार चुकला. वांग्याने देठ ओढू दिला नाही, हिसका देऊन मागे घेतलं, वागणं बदललं. मुलांना एकेक वस्तू देऊन तीनही प्रकार करायला लावा, रोज पंधरा मिनिटं. पहिले चार दिवस फक्त एवढंच.

बोरीकाठ (अमळनेर)

गिरणाथडी, मोज्याचा मुद्दा डोक्यात बसला. एक शंका आहे. आमच्या मुलांत कोणी अहिराणी बोलणारं, कोणी लेवा गणबोली, दोघं पावरी. प्रेक्षकही जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडचे. एखाद-दुसरा शब्द ठेवावा का? बीनही अधूनमधून बोलतोच.

सातपुडा_पायथा (चोपडा)

शब्द ठेवू नका. मूकनाट्यात ते नियमाबाहेर जाईल, आणि गरजही नाही. अ‍ॅटकिन्सनने हाच प्रश्न स्वतःच्या पात्राला विचारला होता. बीन टीव्हीवर यायच्या आधी, १९८७ मध्ये, कॅनडातल्या माँट्रियलच्या ‘जस्ट फॉर लाफ्स’ महोत्सवात तो गेला. आयोजक त्याला इंग्रजी कार्यक्रमात घालत होते. त्याने आग्रह धरून फ्रेंच प्रेक्षकांपुढचा कार्यक्रम मागून घेतला. तोंडात फ्रेंच शब्द एकही नव्हता. भाषा न कळणाऱ्यांपुढे नुसतं शरीर चालतं का, एवढंच बघायचं होतं. तुमच्याकडे अहिराणी, लेवा आणि पावरी एका संघात आहेत, म्हणजे ही कसोटी घरबसल्या झाली. प्रत्येक प्रवेश आधी त्या भाषेच्या बाहेरच्या माणसाला दाखवा. त्याने ‘हे काय चाललंय?’ विचारलं तर तो प्रवेश कच्चा.

आता पाच मिनिटांच्या भाषणाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या नावाने फिरणाऱ्या गोष्टी मी एकेक घेतो.

‘मिस्टर बीनचं निधन’ ही पोस्ट कितीतरी वेळा फिरली आणि दर वेळी खोटी निघाली. ‘त्याचा बुद्ध्यांक आइन्स्टाइनपेक्षा जास्त’ याला काहीही आधार नाही. ‘बीन एकही शब्द बोलत नाही’ हे चूक, तो कमी आणि घोगऱ्या आवाजात बोलतो. ‘तोतरेपणामुळे सगळीकडून हाकलला गेला, शेवटी मूक पात्र करून जिंकला’ ही कहाणी सगळ्यात जास्त फिरते आणि सगळ्यात जास्त दिशाभूल करते. तो अडखळतो हे खरं, त्याने स्वतः ते सांगितलंय. दुसऱ्याची भूमिका करताना ते अडखळणं जातं, हेही त्याने सांगितलंय. पण बीनच्या आधी दहा वर्षं तो शब्दांवरच उभा होता. ‘ब्लॅकअ‍ॅडर’ म्हणजे सगळी जिभेची तलवार. न बोलणारं पात्र त्याने बोलता येत नाही म्हणून घेतलं, असं म्हणणं त्याच्या कामावर अन्याय करणारं आहे. भाषणात एवढंच म्हणा की अडखळत बोलणारा माणूस इंग्रजीतल्या अत्यंत स्पष्ट उच्चारांसाठी ओळखला जातो. ते पुरेसं प्रेरणादायी आहे, मीठ-मसाला नको. आणि मूकनाट्यात तोतरेपणाची किंवा अपंगत्वाची नक्कल अजिबात नको. परीक्षक गुण कापतील तो भाग वेगळा, मुळात ते वाईट आहे.

पडद्याबाहेरचा अ‍ॅटकिन्सन शांत, मोजकं बोलणारा, मुलाखती टाळणारा आहे. बीनसारखा चेहरा करून दाखवा म्हटलं तर सहसा करत नाही. बीन साकारणं तणावाचं आणि थकवणारं असतं, त्यात फारसा आनंद मिळत नाही, असं त्याने उघड सांगितलंय. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तसं पोरकट वागणं केविलवाणं दिसायला लागतं, हेही तो म्हणाला होता. बीनचं त्याचं वर्णन ‘मोठ्या माणसाच्या अंगातलं मूल’ असं आहे, आणि मूल म्हणजे निरागसच असं नव्हे, स्वार्थी आणि कपटीही असतं. हे मुलांना नक्की सांगा.

आणखी दोन गोष्टी भाषणात बसतील. बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी तो उघडपणे उभा राहिलाय. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या धार्मिक द्वेषाविरुद्धच्या विधेयकातल्या शब्दरचनेला त्याने विरोध केला, आणि २०१२ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या कलम ५ मधला ‘अपमानास्पद’ हा शब्द काढण्याच्या मोहिमेत पुढे होता. पुढच्या वर्षी कायदा बदलून तो शब्द निघाला. दुसरी गोष्ट यंत्रांची आवड. त्याच्याकडे मालट्रक चालवायचा परवाना आहे, १९८१ मध्ये काढलेला. इंजिनिअरची नजर बीनमध्ये जागोजागी दिसते. मोटारीच्या टपावर आरामखुर्ची बांधून, दोऱ्या आणि झाडूच्या दांड्याने गाडी हाकण्याचा १९९४ चा प्रवेश आठवा. घरगुती आयुष्य, लग्न, संपत्ती यातलं काही भाषणात घेऊ नका.

पांझरा (धुळे)

परीक्षेच्या हॉलचा प्रवेश का उचलू नये, त्याचं कारण स्वच्छ सांगा. त्याचा शेवट दोन प्रश्नपत्रिकांवर उभा आहे. पाकिटात दोन वेगळ्या रंगांच्या पत्रिका होत्या, त्याने एकच बाहेर काढली होती, हे शेवटी पर्यवेक्षक तोंडाने सांगतो. मूकनाट्यात ते सांगणार कसं? म्हणजे शेवटच गेला. शिवाय परीक्षकांनी हा प्रवेश शंभर वेळा पाहिलेला असतो.

बीनची रीत ठेवून विषय आपला घ्या. माझी सूचना : एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. तिन्ही जिल्ह्यांत प्रत्येकाला कळतं, शब्द लागत नाही, आणि अडचण एकच आहे, जागा हवी.

सहा जण असे. मुख्य पात्र, आतला वर्तमानपत्र वाचणारा प्रवासी, ड्रायव्हर, कंडक्टर आणि धक्काबुक्कीतले दोघं. हेच दोघं नंतर बसमधले उभे प्रवासी होतात.

वेळ. मूकनाट्याला सहसा पाच मिनिटं आणि सहा कलाकार असतात, तरी यंदाची नियमपत्रिका हातात घेऊनच पुढे जा. तालमीत नाट्य ४ मिनिटं १५ सेकंदांत संपलं पाहिजे, कारण प्रत्यक्षात हशा आणि टाळ्या वीस-तीस सेकंद खातात. २५५ सेकंद असे वाटा. प्रवेश आणि गर्दी २५ सेकंद, इथेच त्याला दुसरे लोक रुमाल टाकताना दिसतात आणि युक्ती कळते. पहिला प्रयत्न ४० : इस्त्रीचा रुमाल घडी मोडू न देता हळूच ठेवतो, आतला प्रवासी पेपरातून नजर न काढता त्याने तोंड पुसून स्वतःच्या खिशात घालतो. दुसरा ५० : चप्पल टाकतो, आतला ती पायाने बाहेर सारतो. तिसरा ६० : अख्खी पिशवी टाकतो, पण गेल्या वेळचा अनुभव म्हणून तिला सुतळी बांधून दुसरं टोक मनगटाला बांधतो. आता बस थोडी पुढे सरकते. मग ५० सेकंदांत तो स्वतःच खिडकीतून आत जातो. उरलेले ३० सेकंद शेवटाचे : तो जागेवर बसतो, पूर्ण समाधान. बस तीन हिसके देते आणि बंद पडते. सगळे उतरतात. तो उतरत नाही. उलट शेजारच्या रिकाम्या जागेवर रुमाल टाकतो. ब्लॅकआऊट.

तिसऱ्या प्रयत्नातली सुतळी महत्त्वाची आहे. पात्र अनुभवातून शिकतं, पण चुकीचं शिकतं. प्रयत्न नुसते मोठे होत गेले तर तिसऱ्याला प्रेक्षक थकतो.

फसण्याच्या जागा आता सांगतो, कारण ही बस मूकनाट्यात दिसायला सोपी आणि करायला अवघड आहे.

एक म्हणजे खिडकीची उंची. बाहेरच्याला खिडकी डोक्याच्या वर, आतल्याला कोपराशी, आणि दोघं एकाच रंगमंचावर उभे. बाहेरच्याने गुडघे किंचित वाकवून मान वर ठेवायची, आतल्याने नजर आणि हात खाली न्यायचे. खिडकीची कड नेहमी त्याच रेषेत धरली पाहिजे. तालमीत दोन खांबांना दोरी बांधून दहा दिवस तिच्यावरच करा, मग दोरी काढा. एकाने जरी खिडकीच्या कडेतून हात आरपार नेला तर बस नाहीशी होते, आणि ती परत आणता येत नाही.

बसणं हा दुसरा घोळ. खुर्चीशिवाय अर्धं बसून चार मिनिटं राहता येत नाही, मांड्या थरथरतात आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं. ठोकळे चालत असतील तर एक काळा ठोकळा घ्या. चालत नसतील तर आतल्या प्रवाशाला वरची दांडी धरून उभा ठेवा आणि ‘जागा’ त्याच्या पुढ्यात रिकामी समजा. मुख्य पात्र शेवटी बसतं ते तीसच सेकंद, तेवढं जमतं.

बसचे हिसके सगळ्यांना एकाच क्षणी बसले पाहिजेत. एकाच्या श्वासावर बांधा, समजा ड्रायव्हरच्या. तो दिसेल असा श्वास घेईल आणि सोडताना सगळे पुढे. आकडे मोजून केलं की ओठ हलतात.

आणि मुख्य मुलाने प्रेक्षकांकडे बघून हसायचं नाही. बीन कधीही ‘बघा मी काय केलं’ असं करत नाही. त्याला स्वतःचं काम गंभीर वाटतं.

पडद्यामागे (जळगाव)

पांझरा, विषय झकास. एक दुरुस्ती सुचवतो. आतला प्रवासी चप्पल पायाने बाहेर सारतो, तिथे तो रागावू नये. बागेच्या बाकावरचा डेटन आठवा, शेवटी बीन शिंकतो आणि एवढ्या कष्टाने केलेलं सँडविच उडून जातं, तेव्हा डेटन त्याला स्वतःचं देतो. शेजारी सज्जन राहिला की मुख्य पात्राचा स्वार्थ उठून दिसतो. तो रागावला तर ते भांडण होतं, आणि भांडणात हसू दोघांत वाटलं जातं.

पांझरा (धुळे)

मान्य. मग चप्पल तो दोन बोटांनी उचलून अदबीने परत देईल. त्याने दोन सेकंद वाढतील, ते पहिल्या गर्दीतून काढा.

जंक्शन (भुसावळ)

आवाज आणि उजेडाचं कोणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात.

चेहरा किती लांबून दिसतो याचा हिशेब आधी करा. टीव्हीवर कॅमेरा बीनच्या भुवईपर्यंत जातो. मोठ्या मंडपात पाचव्या-सहाव्या रांगेच्या मागे भुवई दिसत नाही. म्हणून प्रत्येक भाव मानेत, खांद्यात किंवा पावलांत उतरवा. ‘निराशा’ म्हणजे ओठ खाली नव्हे, दोन्ही खांदे एका वेळी खाली. चेहऱ्यावर सफेदा पातळ लावा. जाड थर घामाने फुटतो आणि भाव करताना भेगा पडतात. पांढरे हातमोजे घाला, लांबून रुमाल, सुतळी, खिडकी ही सगळी हातांवरच कळते.

प्रकाश पांढरा आणि सपाट मागा. गॅदरिंगवाले रंगीत फिरते दिवे लावतात, त्यात हातांची रेषा तुटते. त्यांना आधीच लिहून द्या : पूर्ण पांढरा, बदल नाही, शेवटी एकदम अंधार. हळूहळू विझवला तर शेवटच्या रुमालावरचा हशा विझतो.

संगीत पेनड्राइव्हवर एकाच फाइलमध्ये, सुरुवातीला दोन सेकंद शांतता ठेवून. पाच वेगळ्या फाइल दिल्या की चालवणारा एक तरी चुकवतो. बीनचं समूहगान वापरू नका, ते वाजलं की परीक्षकांच्या डोळ्यांसमोर तोच उभा राहतो आणि तुमचा मुलगा त्याच्याशी तोलला जातो. खरं तर पहिल्या तिन्ही प्रयत्नांना संगीतच नको. इंजिनाचा घरघराट फक्त, आणि तो बंद पडतो तिथे पूर्ण शांतता. लंडन ऑलिंपिकचं उद्‌घाटन, २७ जुलै २०१२, मुलांना दाखवा. सायमन रॅटल अख्खा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा चालवतोय आणि हा एका बोटाने एकच सूर वाजवत कंटाळलाय. संगीत भव्य आणि कृती क्षुद्र, त्या अंतरावर हसू येतं. तुमच्या बसला भव्य संगीत लावलं तर मात्र उलट होईल, कारण बस आधीच गोंगाटाची आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

मुलांना एसटी एकदम पटली, परीक्षेचा हॉल त्यांनी स्वतःहून सोडला. मुख्य भूमिकेसाठी दोघं आहेत. एकाचा चेहरा रबरासारखा हलतो, सगळे त्यालाच ‘बीन’ म्हणतात. दुसरा शांत आहे, पण हातातली वस्तू खरी वाटते. कोणाला घेऊ?

गिरणाथडी (चाळीसगाव)

दुसऱ्याला. रबरी चेहऱ्याच्या मुलाला आतला पेपर वाचणारा करा आणि चारही मिनिटं चेहरा अजिबात हलवू देऊ नका. फक्त चप्पल परत देताना एकदा, एका भुवईने. जो सतत हलवतो त्याने आवरून धरलेली एक भुवई फार दिसते. निवड पक्की करण्याआधी दोघांनाही इस्त्रीचा रुमाल हातात न घेता घडी करायला लावा. घडी चार वेळा केल्यावर रुमाल लहान झालेला ज्याच्या हातात दिसेल, तो तुमचा मुख्य.

पांझरा (धुळे)

आणि घडी उलगडताना तो चार वेळा उलगडतोय ना, तेही मोजा. तीनच वेळा उलगडला तर लांबच्या रांगेतलं लहान पोरही ‘अजून एक राहिली’ म्हणून ओरडतं.